झाड पाडताना न कापलेले लाकूड

कोकणात घरालगतचा फणस किंवा आंबा पाडण्याची वेळ बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर येते. ही दोन्ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्याने परवानगी आधी घ्यावीच लागते. मात्र परवानगी हाती आल्यावर झाड कसे पाडायचे याचा विचार फारच कमी घरांत होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिले काम निरीक्षणाचे आहे. ओळंबा धरून खोडाचा कल दोन बाजूंनी पाहावा, फांद्यांचा भार कोणीकडे जास्त आहे ते ठरवावे आणि कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा ठोकून आतून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे. पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरकस मागे जाणारी वाट झाडोरा काढून मोकळी करावी, आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कापणाऱ्याशिवाय कोणीही नसावे.

त्यानंतर ज्या दिशेला झाड पाडायचे त्या बाजूला खोडाच्या जाडीच्या साधारण पाव भाग खोल अशी तिरपी खाच घ्यावी. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटे वर, आडवा घ्यावा आणि तो खाचेपर्यंत कधीही नेऊ नये. या दोहोंमध्ये खोडाच्या जाडीच्या सुमारे दहावा भाग, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या बुंध्यात ६ सेंटिमीटर लाकडाची पट्टी राखावी. हीच पट्टी बिजागरीसारखी वाकत झाडाला ठरलेल्या दिशेने नेते. ती कापली गेली की झाड कुठे जाईल हे कोणाच्याच हातात राहत नाही. ‘अजून थोडे काप’ असे बाजूने ओरडणारी माणसे म्हणूनच मला धोकादायक वाटतात. झाड हलत नसेल तर मागच्या कापात पाचरी ठोकाव्यात, किंवा आधीच उंचावर बांधलेला दोर ताणावा. तो झाडाच्या उंचीपेक्षा बराच लांब हवा.

पडण्याच्या दिशेलाच खूप कललेले झाड सोपे वाटते, पण माझ्या मते तेच सर्वांत घातक असते. मागून कापत गेल्यास काप पूर्ण होण्याआधीच खोड उभे चिरते आणि मागचा भाग उसळून कापणाऱ्यावर येतो. अशा वेळी जाणकार माणूस यांत्रिक करवतीचे पाते खोडात आरपार घालून आधी बिजागरीची पट्टी नेमकी करतो, मागे थोडे लाकूड बांधून ठेवल्यासारखे राखतो आणि शेवटी तेवढेच सोडवतो. पाते आत घालताना त्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर करवत अंगावर उसळते, म्हणून हे काम नवख्याने करू नये. वाळलेल्या किंवा कुजलेल्या झाडाची पट्टी वाकण्याऐवजी मोडते. तिथे वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवणेच योग्य.