हनुक्काची पाचवी रात्र

गुरुवार, ठाणे.

कोकणातील आमचे बेने इस्रायल (मराठी यहुदी) पूर्वज पुरीम या यहुदी सणाला होळीचा सण म्हणत, योम किप्पूर या उपासाच्या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत आणि बिरड्याचा रोजाही पाळत. हनुक्का हा आठ रात्रींचा दिव्यांचा सण मात्र त्यांना ठाऊक नव्हता. तो आमच्याकडे आला कोचीनच्या आणि पुढे बगदादी यहुद्यांच्या सहवासाने. यावरून काहींनी तर्क केला, की नवगावच्या किनाऱ्याला लागलेली ती सात जोडपी हनुक्का ज्याची आठवण आहे त्या मॅकाबी या यहुदी बंडखोरांच्या विजयाआधीच, म्हणजे इ.स.पूर्व १६४ पूर्वीच, मायदेशातून निघाली असावीत. मला हा पुरावा तकलादू वाटतो, कारण माणसे जवळ असलेल्या गोष्टीही पिढ्यान्‌पिढ्या विसरतात. तरीही या मेणबत्त्या लावताना, आपण दुसऱ्यांच्या घरचा सण साजरा करीत आहोत, असे मला बरीच वर्षे वाटत असे.

ते वाटणे कमी झाले ते तेलामुळे. हनुक्काची कथा तेलाची आहे: या विजयानंतर जेरुसलेमचे मंदिर शुद्ध करून घेतल्यावर दिव्यासाठी एका दिवसापुरतेच पवित्र तेल मिळाले आणि ते आठ दिवस पुरले. इकडे आमचे लोक गावोगाव घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणूनच त्यांना शनवार तेली म्हणत. ज्यांचा सारा जन्म तेल गाळण्यात गेला, त्यांच्याच कानावर ही एक कथा आली नाही! या विचाराने मी रंगीत मेणबत्त्या सोडून काचेच्या लहान वाट्यांत तिळाचे तेल आणि कापसाची वात घालू लागलो. ऑलिव्हचे तेल उत्तम मानतात, पण इतर तेल चालते, आणि मला तिळाचेच हवे होते.

आज पाच वाती होत्या. वाट्या उजवीकडून मांडत जायच्या आणि लावताना मात्र डावीकडच्या नव्या वातीपासून सुरुवात करायची, हा क्रम हाताला आता सवयीचा झाला आहे. दुसऱ्या क्रमांकाची वात तेल न ओढता नुसती चरचरत राहिली. ती चिमटीने थोडी वर ओढल्यावर ज्योत स्थिरावली आणि बोटांना काजळी लागली.

या दिव्यांच्या उजेडात कोणतेही काम करायचे नाही, वाचायचेसुद्धा नाही, असा नियम आहे. उजेडाचा उपयोग झालाच तर तो शमाशचा, म्हणजे बाकीचे दिवे लावणाऱ्या वेगळ्या दिव्याचा मानावा, म्हणून तो थोडा उंचावर ठेवतात. मला सगळ्या सणात हाच नियम अधिक मोलाचा वाटतो. घाण्यावरच्या माणसाला तेलाचा थेंबन्‌थेंब विकण्यासाठी जपावा लागे. त्याच्या वंशजाने निदान अर्धा तास तेल काहीही न साधता जळू द्यावे आणि समोर बसून राहावे, एवढाच माझा त्यातला वैयक्तिक अर्थ आहे. धाकटीने विचारले, "बाबा, नुसतं बघायचं?" मी हो म्हटले. ती पाच मिनिटे बसली, मग उठून गेली, आणि मी तिला अडवले नाही.

उद्या शुक्रवार. हनुक्काचे दिवे शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या, दिव्यांआधी, सूर्य मावळण्यापूर्वीच लावावे लागतील आणि अंधार पडल्यावरही अर्धा तास टिकावे लागतील. म्हणजे सहाही वाट्यांत तेल नेहमीपेक्षा दुप्पट तरी हवे. बाटलीत तेवढे उरलेले नाही, सकाळी आणावे लागेल.