बॅसूनला सिंगल रीडचा माउथपीस: माझा अनुभव

मी मूळचा क्लॅरिनेटवाला. बॅसून, म्हणजे खर्जातलं लांब लाकडी फुंकवाद्य; त्याची डबल रीड (तोंडात धरायची दोन पातळ पात्यांची जोडी) माझ्या ओठांना मानवेना, आणि चांगली रीड परदेशातून मागवली तरी ती कधी दगा देईल याचा नेम नाही. म्हणून बोकलवर, म्हणजे रीड जिथे बसते त्या वाकड्या धातूच्या नळीवर, बसणारा सिंगल रीडचा, क्लॅरिनेटसारखा एकाच पातीचा माउथपीस घेतला. चढवला, फुंकला, खालचा जी (G) हा स्वर पहिल्याच फुंकीत खणखणीत वाजला.

अडलं ते वरच्या सप्तकात. खालचा जी ट्यूनरवर अगदी मधोमध, पण डाव्या तर्जनीचं भोक अर्धं उघडून वरचा जी घेतला की काटा ३० सेंट खाली (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). ओठ आवळावेत तर सूर चिरकतो. विकणाऱ्याला लिहिलं. ‘रीड बदला.’ बदलली. पुन्हा लिहिलं. ‘आणखी कडक घ्या.’ घेतली, थोडा फरक पडला, पण दोष गेला नाही. त्यानंतर कितीही लिहिलं तरी उत्तरच नाही. जाहिरातीत मात्र ‘लावा आणि वाजवा’! याचा राग अजून गेलेला नाही, कारण हा दोष कुठून येतो हे माउथपीस विकणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

बॅसूनची नळी शंकूच्या आकाराची, फक्त टोक छाटलेलं. छाटलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, साधारण तेवढीच पोकळी रीडने किंवा माउथपीसने द्यावी लागते. पोकळी जास्त झाली की वरचे सूर उतरतात, कमी पडली की चढतात. डबल रीडच्या आत जागा इवलीशी असते. माझ्या माउथपीसचं पोट त्या मानाने फारच मोठं होतं.

उपाय सॅक्सोफोनवाल्यांचा जुनाच आहे. मधमाशीचं मेण घ्यायचं, हरभऱ्याच्या डाळीएवढं, आणि माउथपीसच्या आत वरच्या बाजूला, टोकापासून दूर, बोटाने दाबून गुळगुळीत करायचं. मग दोन्ही जी तपासायचे. परत थोडं मेण, परत तपासणी. अंतर मिटत गेलं तसं सगळं वाद्यच थोडं चढलं, म्हणून १ नंबरचा बोकल काढून २ नंबरचा लावला. तो जरा लांब असतो. दोन्ही जी एकमेकांवर चपखल बसले तेव्हा जो आनंद झाला तो कुठल्याही नव्या वाद्याने दिला नव्हता.

हो, मेणाला हात लावण्याआधी बोकलवरच्या बारीक भोकाचं झाकण नीट बसतंय का ते बघा. तिथून हवा गळत असेल तर बाकी सगळी मेहनत फुकट.

माउथपीस क्लॅरिनेटसारखा म्हणून बॅसूनही वरच्या स्वरांत उडी घेताना क्लॅरिनेटसारखं सप्तकाऐवजी बारावा स्वर देईल का, असं बरेच विचारतात. नाही. शंकूची नळी उडी घेताना सप्तकच देते, त्यामुळे आवाज सॅक्सोफोनकडे झुकतो. १८५६ साली पेटंट घेतलेलं फ्रेंच सारुसोफोन हे धातूचं फुंकवाद्यही मुळात डबल रीडचंच, पण पुढे त्यालाही सिंगल रीडचे माउथपीस लावले गेले.

सनईला मात्र हा प्रयोग मी करणार नाही. तिथली मींड बऱ्याच अंशी पत्तीवरच्या (रीडवरच्या) ओठांतून येते, ती माउथपीसमध्ये कुठून आणणार?