बिबट्या की मोती?

जुन्नरकडच्या ऊसपट्ट्यात शाळेच्या वाटेवर, फुफाट्यात मोठासा पंजा दिसला की पोरांचा निकाल जागीच लागतो : "बिबट्या!" बहुतेकदा तो वस्तीवरचा मोती असतो. पण "अरे, कुत्रं आहे ते" म्हणून मोकळं होणारं मोठं माणूस पोरांची मजा घालवतं. उत्तर मिळतं आणि शोध तिथेच बसकण मारतो.

त्यापेक्षा दप्तरातली पट्टी काढावी. आधी चित्र, मग मापं, प्राण्याचं नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी तोंडातून गेलं की डोळे त्याला साजेसंच बघतात.

नखं उमटलीत? मग कुत्रं; कारण मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ठेवतात. एखादी चुणचुणीत पोर लगेच याचा नियम करते. तिला करू द्यावा, मग टणक जमिनीवरचा मोतीचाच ठसा दाखवावा, बिननखांचा. निसरड्या चिखलात बिबट्याही नखं काढतो. म्हणजे दुसरा पुरावा हवा. बिबट्याच्या तळव्याच्या गादीची मागची कड तीन ठिकाणी फुगीर असते. कुत्र्याच्या ठशात बोटं आणि गादी यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून काडीने फुली मारता येते. मांजराच्या ठशात ती रेघ गादीवर चढते. ओल्या चिखलात ठसा पसरतो, म्हणून माप वरच्या काठावर न घेता तळाशी घ्यावं. आणि ठसा खरंच बिबट्याचा वाटला, तर माग काढत उसात शिरायचं नाही. मागे फिरून मोठ्यांना सांगायचं.

शाळेतही हे जमतं. भिंतीकडेला मीटरभर चौकोनात चाळलेली माती पसरावी, बोटभर जाड, वरून फळीने सारखी केलेली. त्याहून जाड थरात ठशाच्या कडा ढासळतात. सकाळी तिरप्या उन्हात बघावं. डोक्यावर ऊन आलं की सावली जाते आणि समोरचा ठसाही दिसेनासा होतो. कुत्र्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी वहीत हमखास दोन कुत्री भरतात.

हसू नये. मोठ्यांचंही असंच झालं होतं. १९७२ च्या देशभरच्या गणनेपासून वाघ ठशांवरून मोजले जात. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो, हे गृहीतच धरलेलं. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. कागदावर ते त्याआधीपर्यंत होते. पुढे ठशांच्या मोजणीची जागा कॅमेऱ्यांनी घेतली.

ठसा जपायचा तर दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी. पाण्यात पावडर टाकायची; उलट केलं तर गुठळ्या होतात. ठशाभोवती पुठ्ठ्याचं कडं करून चमच्यावरून हळू ओतावं, उंचावरून नाही, आणि अर्धा तास हात लावू नये. उरलेलं बेसिनमध्ये ओतलं तर पाइप तुंबतो. साच्यात खड्ड्याचा उंचवटा होतो, डावं उजवीकडे जातं.

आणि मातीच्या चौकोनात मधोमध कुणाच्या तरी चपलेचा ठसा सापडतोच. त्याचीही लांबी लिहून घ्यावी.