बावीस अंशांचं पाणी

डीएनएसचं, म्हणजे नॉटिकल सायन्सच्या पदविकेचं, एक वर्ष किनाऱ्यावर झालं की 18 महिने डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून जहाजावर काढायचे आणि पदवीच्या असाइनमेंट तिथूनच पूर्ण करायच्या. पहाटे 4 ते 8 वॉच (ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, पाळी), नाश्ता, मग दुपारपर्यंत डेकवर गंज खरवडायचा, संध्याकाळी परत 4 ते 8. रात्री टीएआर बुक (प्रशिक्षणाची नोंदवही) उघडलं की डोळे मिटायचे. समुद्रविज्ञानाचं प्रकरण तीन महिने पाठ करत होतो, पण डोक्यात काही शिरत नव्हतं.

जुलैत आम्ही मंगळूरहून रिकामं जहाज घेऊन ओमानच्या सलाला बंदरात जिप्सम भरायला निघालो. हवामानाच्या नोंदी माझ्याकडे होत्या. जहाजाचं घड्याळ ग्रीनिचच्या 4 तास पुढे असल्याने 00 यूटीसीची (ग्रीनिचच्या मध्यरात्रीची) नोंद पहाटे 4 ला वॉचवर येताच घ्यायची. हवेचा दाब, वारा, लाटा आणि शेवटी इंजिनरूमला फोन करून समुद्राच्या पाण्याचं तापमान. सुरुवातीला 28-29 असायचं. सलालाला पोचायच्या आदल्या पहाटे खालून उत्तर आलं, "बावीस." ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून परत फोन केला. बावीसच!

चीफ ऑफिसरना सांगितलं. ते म्हणाले, "लिही. आता धुकं मिळेल, लुकआउट नीट ठेव."

तासाभरात पुढचा मास्ट दिसेनासा झाला. दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा, कॅप्टन ब्रिजवर, आणि काचेवरून ओघळणारं पाणी.

वॉच सुटल्यावर आधी वही काढली. नैऋत्येचा वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्यावर दमट हवा आली की धुकं धरतं. तेच पाणी खालचे पोषक क्षार वर आणतं, म्हणून तिथे मासळीही भरपूर. सलालाचे डोंगर याच दिवसांत हिरवे होतात, आणि तिथले लोक या मोसमाला म्हणतात खरीफ. आपल्या खरिपाचा हा मूळ शब्द बंदरावर ऐकला तेव्हा फार बरं वाटलं.

असाइनमेंटमध्ये पुस्तकातली आकृती काढलीच नाही, माझ्याच नोंदींचा आलेख काढला. आता जहाजावर जाणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन, हवामानाच्या नोंदींचं काम मागून घ्या.

पुढे सेकंड मेट या अधिकारीपदाच्या ओरलला (तोंडी परीक्षेला) धुक्यावर प्रश्न आला. व्याख्या सांगायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "सर, सलालाच्या आदल्या पहाटे पाणी बावीस होतं..."