वासोटा: मुख नसलेल्या ज्वालामुखीवर एक दिवस

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही सतरा जण साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून वासोटा किल्ल्याला निघालो, तेव्हा आजीबरोबर आलेल्या आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, आपण ज्वालामुखीवर चाललोय ना? मग त्याचं तोंड कुठे आहे?" सह्याद्री लाव्हाचा बनला आहे, हे मीच वर्गात सांगितले होते. मात्र ते सांगताना फळ्यावर मी शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर वाडग्यासारखा खळगा काढला होता, आणि त्या चित्राचा आपल्या डोंगरांशी मेळ बसत नाही हे सांगायचे राहून गेले होते. ती चूक दुरुस्त करायची, असे मी तेव्हाच ठरवले.

कासच्या पठारावर आम्ही थोडा वेळ थांबलो. फुलांचा हंगाम केव्हाच सरला होता, त्यामुळे पायाखालचा तांबूस, भोकाभोकांचा जांभा उघडा पडलेला दिसत होता. काळ्या बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळवत्री दगडाची, ऊन-पावसात लक्षावधी वर्षे झीज होऊन त्यातले विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, की जांभा तयार होतो. लाव्हाच्या थरांवरची ही जणू टोपीच आहे.

बामणोलीला वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही लाँचमध्ये बसलो. शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी अगदी निवांत होते. मुलीच्या आजींनी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची आठवण काढली. कोयनेच्या भूकंपात घरातली भांडी खाली आली होती आणि पुढे कितीतरी दिवस लोक अंगणात झोपत होते, असे त्या सांगत होत्या. खाली ज्वालामुखी जागा झाला असावा, अशी भीती तेव्हा त्यांना वाटली होती. तसे काही नव्हते. जमिनीखालच्या जुन्या भेगांवर आधीच ताण होता आणि जलाशयात साठलेल्या पाण्यामुळे तो मोकळा झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे याच भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल भोक घेण्यात आले, तेव्हा जवळजवळ सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटचा पाया मिळाला.

मेट इंदवलीला नोंद करून आम्ही जंगलात शिरलो. ओढ्याकाठच्या मारुतीला नमस्कार करून चढाला लागलो. झाडी इतकी दाट की तासभर आकाश फक्त तुकड्यातुकड्यांनी दिसले. ओढ्यातल्या दगडांवर पांढरे ठिपके होते. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून त्यांत झिओलाइट, गारगोटी यांसारखी खनिजे साठतात. मुलांनी ते ठिपके बोटांनी चाचपून पाहिले. अभयारण्यातला दगड खिशात घालायचा नाही, हे त्यांना पुन्हा सांगावे लागले नाही.

दोन-सव्वादोन तासांनी पडक्या दरवाजांतून गडावर पोचलो. छप्पर नसलेल्या मारुतीचे दर्शन घेतले आणि तडक बाबूकड्यासमोर जाऊन उभे राहिलो. घोड्याच्या नालेसारखा वळलेला तो प्रचंड कडा पाहून मुलगी म्हणाली, "हेच तोंड!" आकार पाहता तिचे चुकले असे म्हणवत नाही. पण तो आकार पाण्याने आणि झिजेने घडवला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथला लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वर आला, पातळ असल्यामुळे दूरवर पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर चढून झालेला हा खडक आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्या भेगांमध्येच थिजून राहिलेला लाव्हा भित्तींच्या रूपाने धुळे-नंदुरबारकडे जागोजागी उभा दिसतो. लोणारचा खळगा वाडग्यासारखा असला, तरी तो उल्केच्या आघाताने झाला आहे, हेही मी सांगितले, कारण तो प्रश्न पुढे येणारच होता.

मग सगळेच कड्याकडे नव्या नजरेने पाहू लागले. काळ्या उभ्या भिंती, त्यांच्यामधल्या अरुंद कपारींवर वाळलेल्या गवताच्या आडव्या पिवळ्या रेघा, एक-दोन ठिकाणी लालसर मातकट पट्टा. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खडकाचा वरचा भाग कुजून माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली, की असा पट्टा उरतो. मला तो सबंध कड्यातला सर्वांत बोलका भाग वाटतो, कारण मधली शांतता तेवढी तिथेच नोंदलेली आहे. पायथ्याशी कोकण धूसर निळे पसरले होते.

संध्याकाळच्या आत जंगलाबाहेर पडायचा नियम असल्याने फार वेळ थांबता आले नाही. परतीच्या लाँचमध्ये मुलीने वहीत कड्याच्या रेघा काढल्या आणि थर नऊ आहेत असे जाहीर केले. आजींनी अकरा मोजले होते. प्रत्येक पायरी म्हणजे एक स्वतंत्र थर असेच नसते, हे मी सांगितले, तरी बामणोलीचा धक्का येईपर्यंत दोघी आपापल्या आकड्यावर ठाम होत्या.