शून्य कागदावर उतरेना: गूजरी महालातली एक सकाळ

ग्वाल्हेरमध्ये जयविलास राजवाडा पाहिला, मानमंदिर पाहिलं, तानसेनाच्या मकबऱ्यापाशी जाऊन आले, गजक घेतली. थंडी होती, धुकं होतं आणि महाराज बाड्यावर रिक्षावाल्यांशी रोजची घासाघीस होती. यातल्या कशावरही लिहायचा उत्साह नाही. लिहायचंय ते गूजरी महालातल्या सकाळीबद्दल. तिथे एका शाळेच्या मुलांसाठी ‘हाताने इतिहास’ असा वर्ग होता. वर्ग उत्तम होता, पण शाळेने त्याची पार वाट लावली.

गूजरी महाल किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, ग्वाल्हेर दरवाज्यातून आत शिरलं की लगेच. राजा मानसिंह तोमराने तो मृगनयनीसाठी बांधला, अशी आख्यायिका इथला प्रत्येकजण सांगतो. पण आतलं पुरातत्त्व संग्रहालय मो. बा. गर्दे यांनी उभं केलं, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. शिंद्यांच्या संस्थानाचं पुरातत्त्व खातं या मराठी माणसाने सांभाळलं, ग्वाल्हेरजवळच्या पवाया गावी उत्खनन केलं, आणि १९२२ पासून हे संग्रहालय लोकांना खुलं झालं. एवढं नाव तरी मुलांच्या कानावर पडायला हवं.

वर्ग घेणाऱ्या ताई लष्करातल्या, म्हणजे शहराच्या जुन्या मराठी वस्तीतल्या. मुलं सहावी-सातवीची, तीस. घरात मराठी, शाळेत हिंदी. त्यामुळे ‘ताई, ये तो फट गया’ आणि ‘ताई, माझा पण फाटला’ ही दोन्ही वाक्यं एकाच टेबलावरून येत होती.

मुख्य काम होतं शिलालेखाचा ठसा, म्हणजे कोरलेल्या अक्षरांची कागदावर शाईने नक्कल, घेण्याचं. खऱ्या शिलालेखावर हे करू द्यायचा प्रश्नच नाही. ओल दगडात मुरते, शाई अक्षरांच्या खाचांत बसते आणि मग निघत नाही. म्हणून ताईंनी कुंभाराकडून भाजलेल्या मातीच्या पाट्या करून घेतल्या होत्या. प्रत्येक पाटी साधारण फूटभर लांब आणि वीतभर रुंद, त्यावर कोरलेले तीन आकडे: २७०, १८७ आणि ५०. खाच दोन-तीन मिलिमीटर खोल. याहून उथळ असेल तर ठशात काही उमटत नाही. खोल असेल तर कागद आत शिरताना फाटतो. काही ठिकाणी पीओपीच्या पाट्या वापरतात. चालतात, पण आधी लाखेच्या व्हार्निशचे दोन हात द्यावे लागतात. नाहीतर पीओपी कागदातलं पाणी झटकन पिऊन टाकतं आणि कागद खाचेत बसायच्या आधीच सुकतो. मातीच्या पाटीलाही तीच खोड. म्हणून उन्हाळ्यात ती आधी बादलीत बुडवून ठेवायची, थंडीत मात्र नुसतं ओलं फडकं फिरवलं तरी पुरे.

हे आकडे चतुर्भुज मंदिरातल्या लेखातले. महालापासून किल्ल्यावर चढणाऱ्या त्याच वाटेवर, एका दगडात कोरून काढलेलं हे छोटं मंदिर आहे. लेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा. प्रतिहार राजा भोजाच्या काळात किल्ल्याचा कोट्टपाल, म्हणजे किल्लेदार, असलेल्या अल्लाने हे मंदिर बांधलं. फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, आणि माळ्यांनी देवाला रोज ५० माळा द्यायच्या असं ठरलं. २७० आणि ५० मधलं शून्य म्हणजे एक बारीकसं वर्तुळ, शेजारच्या अंकांपेक्षा लहान आणि जरा वर उचललेलं. पाट्यांवरही ताईंनी ते तसंच ठेवून घेतलं होतं. तेच पुढे महागात पडलं.

कृती अशी. पातळ हातकागद पाटीपेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन बोटं मोठा कापायचा. पाटी ओली करायची, कागद एका कडेने टेकवत हळूहळू खाली सोडायचा, वरून ओला स्पंज दाबायचा. मधून बाहेरच्या बाजूला हवा काढायची. बुडबुडा राहिला तर तिथे ठशात पांढरा डाग पडतो आणि पुढे कोणीतरी त्याला अक्षर समजतं. मग राठ केसांचा ब्रश उभा धरून, खालच्या टोकाने ठोकत जायचं. ठोकायचं, झाडायचं नाही. ब्रश आडवा ओढला की कागद केसभर सरकतो आणि अक्षर दुहेरी दिसायला लागतं. कागद फाटलाच तर घाबरायचं कारण नाही. त्याच कागदाचा ओला तुकडा वर चिकटवून पुन्हा ठोकायचं, जोड दिसतही नाही.

यानंतर थांबायचं. ओल्या कागदावर शाई लावली तर ती पसरते. कागदाची चकाकी गेली, हाताच्या मागच्या बाजूला तो गार लागतोय पण ओला लागत नाही, अशी वेळ आली की शाई. शाई काजळीची आणि डिंकाची. काजळी थेट पाण्यात टाकली तर वर तरंगत राहते, कितीही ढवळा. आधी दाट डिंकाच्या पाण्यात ती खलायची, गुळगुळीत झाली की मग पाणी वाढवायचं. लावायला कापूस भरलेली कापडाची पुरचुंडी. ती शाईत बुडवून थेट कागदावर आपटायची नाही. आधी एका फरशीवर चारदा टेकवायची, म्हणजे शाई सगळीकडे सारखी होते. मग तीन-चार पातळ हात. उंच भाग काळा होतो, खाचेत दबलेला कागद पांढरा राहतो, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं सुलट वाचता येतात. कागद जवळजवळ वाळला की सोलायचा. ओला ओढला तर तो ताणला जातो आणि खाचांचे उठाव सपाट होतात.

एप्रिलमध्ये हा वाळण्याचा वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. धुक्यातल्या जानेवारीत, उघड्या चौकात, पाऊण तास सहज. म्हणून शहाणा माणूस आधी कागद बसवून ठेवतो, तो वाळेपर्यंत दुसरं काम देतो, आणि शाईसाठी मुलांना परत आणतो. ताईंचा बेतही तोच होता.

दुसरं काम खापऱ्यांचं. साधी मडकी पोत्यात घालून लाकडी हातोडीच्या एका घावाने फोडलेली, एका मडक्याचे बारा-पंधरा तुकडे. दहाहून कमी असले तर मुलं पाच मिनिटांत मोकळी होतात, विसाहून जास्त असले तर नाद सोडतात. हात कापू नयेत म्हणून तुकड्यांच्या कडा पॉलिशपेपरने घासू नका. मातीच्या मडक्याला फारशी धार येत नाही, आणि कडा घासल्या की जोड बसतच नाही. सांधायला फक्त मास्किंग टेप. फेविक्विक लावलं की चूक कायमची चिकटली. जोडलेला भाग वाळू भरलेल्या परातीत खोचून उभा करायचा, म्हणजे त्याचं वजनच जोड दाबून धरतं. सुरुवात काठापासून किंवा बुडापासून. पहिला जोड केसभर वाकडा बसला तर त्या क्षणी कळत नाही. वाकडेपणा पुढच्या प्रत्येक जोडाबरोबर वाढत जातो आणि शेवटच्या तुकड्याला जागाच उरत नाही. मग पोरं तो तुकडा दाबून बसवायला बघतात. तिथे उत्तर एकच: मागे जा, टेप काढ, पुन्हा लाव.

ज्यांच्याकडे काठाचा एकच तुकडा होता त्यांना ताईंनी एकात एक वर्तुळं काढलेला तक्ता दिला. काठ खाली करून तुकडा त्यावर पालथा ठेवायचा, काठाखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत नीट टेकवायचा आणि कुठल्या वर्तुळाशी कमान जुळते ते बघायचं. एवढ्याशा तुकड्यावरून आख्ख्या मडक्याच्या तोंडाचा व्यास हाती येतो. तुकडा तिरका धरला की उत्तर चुकतं, आणि बहुतेक मुलं तिरकाच धरतात. मला स्वतःला सगळ्या सकाळीतला हा भाग सर्वात आवडला. मुलांना नाही आवडला. चालायचंच.

आता रागाचं. शाळा पाऊण तास उशिरा आली. ठीक आहे, बस, धुकं, समजू शकते. पण आल्या आल्या सोबतच्या बाईंनी जाहीर केलं की साडेअकराला निघायचंय, जयविलास करायचाय. ‘करायचाय’ हा त्यांचाच शब्द. त्यामुळे कागद वाळायला ठेवण्याचा पाऊण तास गेला तो गेलाच. मुलांनी दमट कागदावर शाई लावली. कोणाचा आकडा पसरला, कोणाचा कागद पुरचुंडीलाच चिकटून वर आला. एका मुलाने कागद फुंकून वाळवायचा प्रयत्न केला. एकीने उन्हाचा कवडसा शोधून पाटी तिथे नेली, हे डोकं मात्र झकास. हेअर ड्रायर आणायचं कोणीतरी सुचवलं. त्याने आधी कडा सुटतात आणि मधला भाग ओलाच राहतो, तेव्हा नको.

आणि एका टेबलावर शून्य गेलं. २ उमटला, ७ उमटला, पुढे सलग काळं. मुलगी म्हणाली, ‘ताई, इथे सत्तावीसच आहे.’ ताईंनी पाटी दाखवली: वर्तुळ होतं, नीट कोरलेलं होतं. कारण साधं आहे. रुंद खाचेत कागद ब्रशने आत ढकलला जातो, पण इतक्या बारीक वर्तुळाच्या अरुंद खाचेवर तो ताणून आडवा बसतो, वरून शाई लागते आणि खाचच बुजते. अशा जागी ब्रश नाही, बोटाच्या टोकाने ओला कापूस दाबायचा, तोही शाईच्या आधी. आता शाई लागल्यावर इलाज नव्हता. नवा कागद घ्यायला हवा होता आणि घड्याळात अकरा वीस झाले होते.

ताईंनी तोच खराब कागद उचलून सगळ्यांना दाखवला. ‘हाच ठसा कोणी पुढे वाचला तर बाग केवढी?’ पोरं हिशेबाला लागली. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मोठ्या माणसाचा सुमारे ४५ सेंटिमीटर. २७० हात म्हणजे १२१ मीटरच्या थोडं वर, १८७ हात म्हणजे ८४ मीटर. बाग जवळजवळ एक हेक्टर, आपल्या भाषेत शंभर गुंठे. शून्य गेलं की दहा गुंठे. रोज ५० माळांची फुलं दहा गुंठ्यांतून काढायची तर माळ्याचं कठीणच. मग एकाने विचारलं, हात कोणाचा धरायचा? त्याचा भरला ३६ सेंटिमीटर. त्या हाताने मोजलं तर लांबी एक पंचमांशाने घटते, पण बाग एक तृतीयांशाहून जास्त आक्रसते, कारण रुंदीही तेवढीच घटते. सातवीच्या मुलाने क्षेत्रफळाचं हे गणित परातीतल्या वाळूवर बोटाने सोडवलं. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि सगळे रांगेत. पाट्यांवरचे कागद तसेच राहिले.

पवायाचं नृत्य-वादनाचं शिल्प याच संग्रहालयात आहे, मधोमध नाचणारी आणि भोवती वाद्यं घेऊन बसलेल्या बायका. ‘आधी वाद्यं मोजा, मग माहितीची पाटी वाचा’ हा ताईंचा पुढचा कार्यक्रम होता. त्यातली धनुष्यासारखी वीणा मुलांनी ओळखली असती का, कोण जाणे.

माझं मत विचाराल तर दीड तासात चार उपक्रम घेण्यापेक्षा तीन तासांत एक ठसा आणि एक मडकं पुरे. एका पाटीला पाच-सहा मुलं, त्याहून जास्त नकोत. सातवं मूल नुसतं बघत उभं राहतं आणि मग शाईचा डबा सांडतं. आणि शाळांनी या वर्गाच्या दिवशी दुसरं काही ‘करू’ नये.

मुलांना नेणार असाल तर सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. महालातून पुढे पायीच चढा, म्हणजे चतुर्भुज मंदिर वाटेत लागतं. ‘शून्याचा शोध इथे लागला’ असं कोणी ठोकून दिलं तर मुलांसमोरच खोडून काढा. कंबोडियातल्या एका शिलालेखात इ. स. ६८३ चं शून्य आहे. ग्वाल्हेरच्या लेखाचं मोल वेगळं: भारतात दगडावर, तारखेसह, आजच्यासारखं गोल शून्य वापरून लिहिलेले आकडे इथे प्रत्यक्ष दिसतात. बहुतेक बस किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याच्या बाजूने वर जातात, कारण वाहनं तिकडूनच चढतात, आणि मंदिर पूर्ण चुकतं. उरवाईला कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत, त्याही चुकवू नयेत. तेव्हा बस रिकामी उरवाईला पाठवा, मुलांना ग्वाल्हेर दरवाज्याने चढवा आणि परत जाताना तिकडून उतरवा. चढ खडा आहे, फरसबंदी धुक्यात निसरडी होते, चपला नकोत.