ओकच्या सालीवरचं दगडफूल

गेल्या शनिवारी ग्रेट स्मोकी पर्वतात एका ओकच्या खोडावरून दगडफूल सुरीच्या टोकाने सोडवताना आईचा गोडा मसाला आठवला. तेच करडं, कडा मुडपलेलं. मसाल्यातल्या दगडफुलाच्याच गोतातलं. इथे अमेरिकेत, टेनेसीत मी ते टार्डिग्रेड शोधायला गोळा करते.

टार्डिग्रेड म्हणजे आठ पायांचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीव. दगडफूल वाळलं की तोही आक्रसून गोळा होतो आणि पाणी मिळेपर्यंत तसाच पडून राहतो. नमुने कागदी पाकिटात ठेवतात, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून ते कुजतात.

सुमारे 2,100 चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय उद्यानातली प्रत्येक सजीव जात नोंदवायची, असं काम 1998 मध्ये सुरू झालं. त्यातले टार्डिग्रेड डायेन नेल्सन आणि पॉल बार्टल्स यांनी अंगावर घेतले. मॉसची हिरवी लव, दगडफूल, माती, ओढ्यातला गाळ, सगळं धुंडाळलं. 70हून अधिक जाती मिळाल्या, काही तर विज्ञानाला अगदी नव्या. एवढ्याशा जिवांसाठी कुणी इतकी वर्षं द्यावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इथे चिमूटभर मॉस उचलायलाही परवाना लागतो; तो आमच्या मार्गदर्शक बाईंकडे आहे. पाकिटावर झाड, जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची राहिली तर नमुना बाद. माझं एक पाकीट असंच गेलं. त्यात जीव असणार, याची हळहळ अजून आहे.

बाकीचे नमुने रात्रभर भिजवून सकाळी पिळले. बशीतल्या पाण्यात तासभर नुसती माती आणि सालीचे कण. मग एक नारिंगी मिल्नेसियम, म्हणजे टार्डिग्रेडचाच एक प्रकार, दिसलं, पाय ओढत कणाकणाला धरून चालणारं. शेजारी त्याच जातीची टाकलेली कात, आणि कातीच्या आत पाच गुळगुळीत अंडी. मिल्नेसियम मादी कात टाकतानाच तिच्यात अंडी घालते. मॅक्रोबायोटस या दुसऱ्या प्रकारच्या टार्डिग्रेडची मादी मात्र उघड्यावर घालते, आणि त्या अंड्यांवर बारीक उंचवट्यांची नक्षी असते. कित्येक जातींचं नाव ती नक्षी पाहिल्याशिवाय ठरतच नाही.

बाबा दर पावसाळ्यात परसातल्या भिंतीवरची हिरवी लव खराट्याने घासून काढतात. त्यांना काल फोन केला: यंदा हौदाजवळचा कोपरा तेवढा राहू द्या. दिवाळीनंतर तो वाळेल, तेव्हा चिमूटभर कागदात गुंडाळून ठेवा. डिसेंबरात येतेच आहे.